टेकडीवर खाण येतेय? मोर्चाच्या आधी करायची कामं, क्रमवार

डोंगर वाचवायला उठलेल्या गावांचं बहुतेक वेळा एकच चुकतं: क्रम. पोकलेन दिसला की मोर्चा निघतो, तहसीलदारांना निवेदन दिलं जातं, पेपरात फोटो येतो. चार महिन्यांनी वकिलाकडे गेल्यावर कळतं की अपिलाची मुदत त्या गडबडीतच संपली. आमच्या गावात नेमकं हेच झालं. टेकडीचा पूर्वेकडचा भाग गेला तो गेलाच. पुढे ज्या ज्या गावांनी बोलावलं तिथं जाऊन बसलो, आणि तिथंही तेच दिसलं. म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढतो आहे.

हा लेख महाराष्ट्रातल्या दगड, खडी आणि मुरुमाच्या खाणींपुरता आहे. कायद्यात याला गौण खनिज म्हणतात. लोहखनिज किंवा बॉक्साइटची खाण असेल तर परवानग्यांची वाट वेगळी असते. पुरावा गोळा करण्याचे टप्पे मात्र तिथंही उपयोगी पडतील.

## टप्पा १: गट नंबर पक्का करा

'आमची टेकडी' या नावाने सरकारी कागद सापडत नाही. तो गट नंबरने सापडतो, कोकणात सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबरने. गाव नकाशा घ्या, गावातली दोन वयस्कर माणसं बरोबर घ्या आणि टेकडी चढा. शिवेचे दगड, बांध, पाऊलवाटा नकाशावर जुळवत जा. टेकडी बहुधा एका गटात नसते. माथा सरकारी, उतार खाजगी, पायथ्याचा पट्टा गायरान, शिवाय पलीकडची बाजू दुसऱ्या गावाच्या हद्दीत, असंही निघतं. तसं असेल तर त्या गावाला पहिल्याच दिवशी निरोप द्या.

प्रत्येक गटाचा सातबारा काढा. महाभूमीच्या संकेतस्थळावर नुसता बघायला मिळणारा सातबारा कामाला येत नाही. डिजिटल सहीचा घ्या, एका उताऱ्याला १५ रुपये लागतात. भोगवटादाराचं नाव तर पाहाच, पण 'इतर हक्क' हा रकाना आधी वाचा. गायरान, वन, कुळ, भाडेपट्टा अशा नोंदी तिथं असतात. गेल्या काही वर्षांतले फेरफारही काढा. जमीन अलीकडेच कुणा बाहेरच्या माणसाच्या नावावर झाली असेल, तर खाणीची तयारी कधीपासून चालली आहे ते त्यावरून समजतं.

तपासून घ्या: खाणीच्या अर्जातला गट नंबर आणि प्रत्यक्ष खोदाईची जागा एकच आहे का? परवानगी शेजारच्या गटाची आणि खोदाई भलत्याच गटात, हा प्रकार सर्रास चालतो. फोनमध्ये अक्षांश-रेखांशासह फोटो काढणारं अ‍ॅप टाका आणि खोदाईच्या चारही कोपऱ्यांवर उभं राहून फोटो काढा.

## टप्पा २: टेकडीला आधीच कोणतं संरक्षण आहे ते शोधा

हे काम दोन दिवसांचं आहे, पण कित्येक गावं ते करतच नाहीत. पुढच्या गोष्टी एकेक करून पाहा.

वन विभागाकडे विचारा की हा गट राखीव, संरक्षित किंवा खाजगी वनाच्या नोंदीत आहे का. १२ डिसेंबर १९९६ च्या गोदावर्मन प्रकरणातल्या आदेशाने सर्वोच्च न्यायालयाने 'वन' या शब्दाचा अर्थ व्यापक धरला आहे, त्यामुळे कागदावर वन म्हणून नोंद असेल तर मालकी कुणाची हा प्रश्न मागे पडतो. गायरान असेल तर जगपाल सिंग प्रकरणातला २०११ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सार्वजनिक जमिनींच्या बाजूने आहे. केंद्र संरक्षित लेणी किंवा किल्ला जवळ असेल तर त्याच्या हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असतं. सह्याद्रीच्या पट्ट्यातल्या गावांनी पश्चिम घाट संवेदनशील क्षेत्राच्या ३१ जुलै २०२४ च्या मसुद्यातल्या यादीत आपलं गाव शोधावं. तो अजून मसुदाच आहे, पण हरकतीत त्याचा उल्लेख जरूर करायचा.

गाव पेसा क्षेत्रात (पंचायत विस्तार कायदा लागू असलेल्या आदिवासी भागात) असेल तर तुमच्या हातात मोठं साधन आहे. अनुसूचित क्षेत्रात गौण खनिजाचा पट्टा (खाणीसाठीचा भाडेकरार) देण्याआधी ग्रामसभेची किंवा योग्य स्तरावरच्या पंचायतीची शिफारस घ्यावीच लागते. वनहक्क कायद्याखाली सामूहिक दावा मंजूर झालेला असेल तर तो दाखलाही वर काढून ठेवा.

## टप्पा ३: खाणवाल्याचे कागद मिळवा

लढाईचा निम्मा निकाल इथं लागतो. हे कागद हवेत:

- खाणपट्ट्याचा किंवा तात्पुरत्या परवान्याचा आदेश, सोबतच्या नकाशासह (जिल्हा खनिकर्म अधिकारी)
- पर्यावरण मंजुरी आणि तिच्यातल्या अटी (केंद्राच्या 'परिवेश' पोर्टलवर शोधता येतात)
- खाण आराखडा
- प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र, खाणीसाठी आणि क्रशरसाठी (खडी फोडणाऱ्या यंत्रासाठी) वेगवेगळं
- ग्रामपंचायतीने दिलेला ना हरकत दाखला, आणि तो ज्या सभेत दिला तिचं इतिवृत्त
- सुरुंग लावत असतील तर स्फोटकांचा परवाना आणि खाण सुरक्षा महानिदेशालयाला दिलेली सूचना
- जिल्हा सर्वेक्षण अहवाल

शेवटच्या अहवालाचं महत्त्व फार थोड्यांना माहीत असतं. जिल्ह्यात कुठं किती खनिज काढता येईल ते त्यात लिहिलेलं असतं. १५ जानेवारी २०१६ च्या अधिसूचनेनुसार त्याचा मसुदा जिल्ह्याच्या संकेतस्थळावर २१ दिवस लोकांच्या सूचनांसाठी ठेवावा लागतो. तुमची टेकडी त्या यादीत जाण्याआधीच हरकत घेता आली तर त्याहून चांगलं काही नाही.

ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला शोधताना मन घट्ट करा. बहुतेक गावांत तो आधीच दिलेला निघतो, कधी पाच-सात वर्षांपूर्वी, मासिक सभेत, दोन ओळींचा. तो कुणी दिला यावरून गावात भांडण पेटवू नका. तो रद्द करण्याचा ठराव पुढे टप्पा ५ मध्ये घ्यायचा आहे, आणि त्या वेळी तीच माणसं तुमच्या बाजूने हात वर करणारी हवीत.

माहिती अधिकाराचा अर्ज महाराष्ट्रात १५० शब्दांत आणि एकाच विषयावर असावा लागतो. म्हणून सगळं एका अर्जात कोंबू नका, प्रत्येक कागदासाठी वेगळा अर्ज करा. फी १० रुपये. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करायचं. त्याहून जलद वाट म्हणजे 'अभिलेख अवलोकन' मागणं. प्रत्यक्ष फाईल उघडून बसलात की टिपणीतले शेरे दिसतात, आणि कोणता कागद मागायचा ते तिथंच कळतं.

सावधान: पर्यावरण मंजुरीच्या प्रतीवरची तारीख आधी वहीच्या पहिल्या पानावर लिहा. तिच्याविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात (पर्यावरणाचे वाद ऐकणाऱ्या न्यायालयात) अपील करायला ३० दिवस मिळतात. सबळ कारण दाखवलं तर आणखी ६० दिवसांपर्यंतचा उशीर माफ होऊ शकतो. त्यानंतर दार बंद. मंजुरी मिळाल्यावर खाणवाल्याने ती स्थानिक वर्तमानपत्रांत जाहीर करायची असते आणि पंचायतीलाही प्रत द्यायची असते. पंचायतीची आवक नोंदवही उघडून ती कधी आली ते बघा. आलीच नसेल तर 'नोंद नाही' असं लेखी घ्या, कारण मुदत कधीपासून मोजायची हा वाद त्यावर फिरतो.

## टप्पा ४: पहिल्या सुरुंगाआधीची स्थिती नोंदवून ठेवा

विहीर आटली, भिंतीला तडा गेला, झरा बंद पडला, हे सगळं खाण सुरू झाल्यावर सांगून कुणी ऐकत नाही. 'आधी काय होतं?' एवढं विचारलं की गाव गप्प होतं. तेव्हा या टप्प्याला वेळ द्या. ज्यांना भाषण करता येत नाही अशा माणसांना खरं काम इथं मिळतं, विशेषतः बायकांना आणि शाळेतल्या मोठ्या मुलांना.

विहिरी. टेकडीच्या पायथ्याच्या प्रत्येक विहिरीच्या कठड्यावर ऑइलपेंटने एक खूण करा. दोरीला दर फुटाला गाठ मारा, टोकाला दगड बांधा आणि त्याच खुणेवरून पाण्यापर्यंतची खोली मोजा. आठवड्याचा एकच वार ठरवा, वेळही एकच, म्हणजे मोटर चालू असताना घेतलेलं माप आणि बंद असतानाचं माप यांची गल्लत होणार नाही. वहीत तारीख, विहीर, माप आणि मोजणाऱ्याची सही. आमच्याकडे हे काम दोन जावांनी केलं. पावसाळ्यातही एक शनिवार चुकवला नाही. पुढे सुनावणीत कुणाचं भाषण वाचलं गेलं नाही, ती वही मात्र पानं उलटून पाहिली गेली.

झरे. आपल्या बेसॉल्टच्या डोंगरात माथ्यावरचा झिजलेला, भेगाळ थर पाऊस पितो, आणि खाली कठीण थर लागला की ते पाणी आडवं वाहत उतारावर बाहेर पडतं. माथ्याचा मुरूम काढला की हे पाणी जिरतच नाही. एकूण एक झरा, पाण्याचं टाकं, ओढ्याचा उगम नकाशावर टाका. हे झरे नकाशावर सापडत नाहीत, गुरं राखणाऱ्यांना विचारा. एका गावात एका धनगर बाबांनी कपारीतलं ओलं शेवाळ बोटाने दाखवलं आणि म्हणाले, "उन्हाळ्यात माझी मेंढरं हितंच पितात." त्या जागेची खाणवाल्याच्या अहवालात नोंद 'पाण्याचा स्रोत नाही' अशी होती.

घरं. पायथ्याच्या घरांच्या आणि शाळेच्या भिंतींचे फोटो घ्या, तडे असोत वा नसोत. तडा असेल तर त्याच्या दोन्ही टोकांशी पेन्सिलने आडवी रेघ मारून तारीख घाला. शंका असेल तिथं तड्यावर काचेची पातळ पट्टी प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवा. भिंत हलली तर काच फुटते. खाणीच्या हद्दीपासून घरापर्यंतचं अंतर मोजून लिहा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये सुरुंग असलेल्या खाणीसाठी किमान २०० मीटर, सुरुंग नसेल तर १०० मीटर असं अंतर सुचवलेलं आहे.

झाडं, प्राणी, चराई. गावाच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीची लोक जैवविविधता नोंदवही काढा. ती कपाटात पडून असते किंवा दुसऱ्या गावाची नक्कल असते. टेकडीपुरती तरी ती खरी करा: कोणती झाडं, कोणतं गवत, कुणाची किती गुरं चरतात, सरपण कोण आणतं.

सावधान: फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला की त्यातली वेळ आणि ठिकाणाची माहिती निघून जाते. मूळ फाईल ज्या फोनवर काढली तिथंच ठेवा आणि दुसरी प्रत पेनड्राइव्हवर. न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं आणि ते फोनच्या मालकाला द्यावं लागतं, म्हणून कोणता फोटो कुणाच्या फोनवरचा ते लिहून ठेवा.

## टप्पा ५: ग्रामसभा, पण विषयपत्रिकेवर

आमचा पहिला ठराव भरगच्च सभेत झाला होता. लोक उभे होते, सगळ्यांचे हात वर, टाळ्या पडल्या. तो 'आयत्या वेळच्या विषयां'त घेतला होता. खाणवाल्याच्या वकिलाने विषयपत्रिकेची नोटीस पुढे ठेवली आणि म्हणाला, ज्यांना बोलायचं होतं त्यांना हा विषय माहीतच नव्हता. ठरावाचं वजन तिथंच गेलं.

म्हणून विषय आधी लेखी द्या, पोच घ्या आणि तो नोटिशीत छापून आणा. नियमित सभेची नोटीस किमान सात दिवस आधी लागते. गणपूर्ती १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. हजेरी वहीवर सह्या आणि अंगठे सभा सुरू होतानाच घ्या, नंतर घरोघर फिरून नको. आधी महिला सभा घ्या आणि तिथंही ठराव करा.

ठरावात 'खाण नको' एवढंच लिहून भागत नाही. गट नंबर, क्षेत्र, टेकडीवरचे झरे, खालच्या विहिरींची संख्या, शाळेचं अंतर, चराई आणि जुना ना हरकत दाखला रद्द केल्याचं वाक्य, हे सगळं त्यात यायला हवं. सूचक आणि अनुमोदकाची नावं हवीत. ठरावाची साक्षांकित प्रत त्याच आठवड्यात ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून (पूर्वीचे ग्रामसेवक) घ्या.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो: पेसा क्षेत्राबाहेर ग्रामसभेचा ठराव खाण आपोआप थांबवत नाही. तो भक्कम पुरावा आहे, नकाराधिकार नाही. लोकांना उलटं सांगितलंत तर पहिल्या धक्क्याला ती निराश होऊन घरी बसतील.

सभेच्या आधी आणखी एक काम करा. ज्यांनी जमीन दिली, ज्यांचे ट्रॅक्टर किंवा डंपर खाणीवर लागणार आहेत, ज्यांची पोरं तिथं कामाला जाणार आहेत, त्यांच्या घरी जा. त्यांना गावद्रोही म्हणू नका. त्यांचा हिशेब खरा आहे, आणि तो ऐकून घेतल्याशिवाय गाव एक होत नाही. वर्गणी पावतीपुस्तकानेच घ्या आणि हिशेब पंचायतीच्या फलकावर लावा. शेजारच्या तालुक्यातला एखादा खाणवाला 'मदत' करू म्हणाला तर नाही म्हणा. त्याला टेकडी वाचवायची नसते, स्पर्धक नको असतो.

## टप्पा ६: हरकती योग्य टेबलावर

मुख्यमंत्र्यांपासून सगळ्यांना एकच निवेदन पाठवू नका. ते फिरत फिरत तहसीलदारांकडेच येतं. प्रत्येक कार्यालयाला त्याच्या अधिकारातलं मागा:

1. जिल्हाधिकारी आणि खनिकर्म अधिकारी: पट्टा देऊ नये किंवा रद्द करावा.
2. राज्य पर्यावरण आघात मूल्यांकन प्राधिकरण: मंजुरी देऊ नये, अर्जातली खोटी माहिती तपासावी.
3. प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रादेशिक कार्यालय: संमतीपत्र आणि क्रशर.
4. उपवनसंरक्षक: वननोंद असेल तर.

पोच घेतल्याशिवाय कागद दिला असं समजू नका.

तपासून घ्या: खाणीचं क्षेत्र ४.९ किंवा ४.९५ हेक्टर दाखवलंय का? ५ हेक्टरपर्यंतच्या खाणीला सहसा जनसुनावणी लागत नाही, म्हणून मोठी टेकडी तुकड्यांत कापून नातेवाइकांच्या नावांवर अर्ज केले जातात. पण दोन पट्ट्यांच्या हद्दींत ५०० मीटरपेक्षा कमी अंतर असेल तर ते एक समूह धरले जातात. सगळे पट्टे एका नकाशावर रंगवा आणि बेरीज दाखवा. ५ हेक्टरखालीही पर्यावरण मंजुरी लागतेच, हे सर्वोच्च न्यायालयाने दीपक कुमार प्रकरणात २७ फेब्रुवारी २०१२ रोजी सांगितलं आहे.

## टप्पा ७: जनसुनावणी असेल तर

३० दिवसांची नोटीस मिळते. त्या मुदतीत खाणीचा पर्यावरण आघात अहवाल वाचून घ्या, त्याचा सारांश मराठीत मिळायला हवा. प्रत्येक वक्त्याला एकच मुद्दा द्या: एक विहिरींवर, एक धुळीवर, एक रस्त्यावर धावणाऱ्या हायवांवर (मोठ्या डंपरवर), एक ओढ्यावर. २०२१ च्या जुलैत दोडामार्ग तालुक्यात कळणे इथं खाणीत साठलेलं पाणी बांध फुटून खालच्या वस्तीत आणि शेतांत घुसलं. ती लोहखनिजाची खाण होती, पण 'खड्ड्यातलं पावसाचं पाणी कुठं जाणार?' हा प्रश्न प्रत्येक डोंगरउतारावरच्या खाणीला विचारायचाच.

बोललेलं सगळं लेखीही द्या. शेवटी इतिवृत्त वाचून दाखवणं बंधनकारक आहे, ते ऐकल्याशिवाय मंडप सोडू नका. सुनावणी उधळून लावण्याचा मोह होतो. उधळलीत तर तुमची एकही हरकत नोंदीत येणार नाही.

## टप्पा ८: खोदाई सुरू झाली तर

यंत्रांना हात लावू नका, चावी काढू नका, चालकाला मारू नका. तो पोटासाठी आलेला असतो, आणि गुन्हा दाखल झाला की पोरांची वर्षं कोर्टात जातात. चित्रीकरण करा, वाहनांचे नंबर आणि वेळ लिहा, जोडीनेच जा. धमकी आली तर त्याच दिवशी पोलीस ठाण्यात लेखी द्या आणि नोंदीचा क्रमांक घ्या.

मग तहसीलदारांकडे पंचनाम्याची मागणी करा. विनापरवाना किंवा परवान्याबाहेरच्या उत्खननाला जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होतो, आणि ४८(८) खाली वाहनं व यंत्रं जप्त होतात. पंचनाम्यावर सही करण्याआधी तो पूर्ण वाचा. माप चुकीचं वाटलं तर सहीच्या वर 'मापास हरकत' असं लिहूनच सही करा.

माप स्वतः काढता येतं. १०० घनफूट म्हणजे एक ब्रास. खड्डा २०० फूट लांब, १५० फूट रुंद आणि २० फूट खोल असेल तर ६ लाख घनफूट, म्हणजे ६,००० ब्रास. आता किती ब्रासचं स्वामित्वधन (रॉयल्टी) भरलं ते माहिती अधिकारात मागा. अखंड खडक फुटला की फुगतो, त्यामुळे गाड्यांतून गेलेले ब्रास खड्ड्याच्या मापापेक्षा जास्तच भरायला हवेत. कमी भरत असतील तर ईटीएस मशीनने (मोजणीच्या इलेक्ट्रॉनिक यंत्राने) मोजणीची मागणी करा.

क्रशर असेल तर वाराभिंत, पाण्याचे फवारे आणि खडी वाहून नेणारे झाकलेले कन्व्हेयर पट्टे आहेत का पाहा. पर्यावरण मंजुरीच्या अटींच्या पूर्ततेचा अहवाल दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला द्यावा लागतो. तो मागवा आणि प्रत्यक्ष जागेशी ताडून पाहा.

## टप्पा ९: हरित न्यायाधिकरण

महाराष्ट्रासाठी पश्चिम विभागाचं पीठ पुण्यात आहे. मंजुरीविरुद्ध अपिलाची मुदत वर दिली आहेच. पर्यावरणाच्या इतर वादासाठी, म्हणजे विनापरवाना उत्खनन किंवा अटींचा भंग, कारण घडल्यापासून सहा महिने मिळतात. भरपाई मागायची असेल तर पाच वर्षं. भरपाई मागितली नसेल तर अर्जाची फी १,००० रुपये. वकिलाकडे जाताना तारखांची एक पानी यादी, सातबारे, नकाशा, ठराव, विहिरींची वही आणि पोचपावत्या याच क्रमाने लावून न्या. अर्जदार एकटा नको, तीन-चार जण असू द्या. एकट्या माणसावर दबाव आणणं सोपं असतं.

## टप्पा १०: स्थगिती मिळाल्यावर

स्थगितीच्या रात्रीच गाड्या भरतात. आदेशाची प्रत त्याच दिवशी तहसीलदार, पोलीस ठाणे आणि ग्राम महसूल अधिकाऱ्यांना (तलाठी) पोचवा, पोच घ्या. टेकडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर पाळ्या लावा. पट्ट्याची मुदत कधी संपते ते लिहून ठेवा, नूतनीकरणाचा अर्ज गुपचूप जातो. दर महिन्याला 'परिवेश'वर गावाचं नाव टाकून शोधा, शेजारच्या दोन गावांचंही. आणि शनिवारची विहिरीची मापं बंद करू नका. आमची वही सध्या चौथी चालू आहे.